चौथा पिस्टन आणि झुपकीची आठळी

एक होतं आंब्याचं झाड.
झाडावर होतं घरटं.
घरट्यात होती खार. एवढीशी. तिची शेपटी मात्र ही मोठी!
म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकीला होता भाऊ. तो झुपकीहूनही छोटा. त्याचं नाव पिंटुकला.
त्याला झाडावरून उतरता येत नव्हतं. पण खाता खूप येत होतं.

आई गेली होती लांब, जांभळीवर. जाताना म्हणाली,
"झुपके, पिंटुकल्याला भूक लागेल. काहीतरी आण."

झुपकी खाली आली. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.

खाली होतं विश्रामकाकांचं घर. घरात काकू आठळ्या भाजत होत्या. फणसाच्या आठळ्या, खमंग खमंग.
एक आठळी उडाली. टप्! अंगणात पडली.
शेवटचा फणस, शेवटच्या आठळ्या. आता पुढच्या वर्षीच.

झुपकीने आठळी उचलली. तोंडात धरली. निघाली.
टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.

अंगणात विश्रामकाकांनी गाडी उघडली होती. चाकं इकडे. दारं तिकडे. नळ्या, पट्टे, स्क्रू, सगळं पसरलेलं.
आणि मधोमध होतं इंजिन. दोन फळ्यांवर उलटं ठेवलेलं. डोकं खाली, पाय वर!

झुपकी इंजिनावर चढली. वरून वाकून बघितलं.
इंजिनाला चार भोकं. गोल गोल, खोल खोल.
तीन भोकं रिकामी. चौथ्यात काहीतरी बसलेलं.
"हे काय गं बाई?" झुपकी म्हणाली.

म्हणायला तोंड उघडलं. आणि आठळी सुटली!
टण्... टण्... टुण्!
गेली चौथ्या भोकात.

झुपकीने हात घातला. पोचेना.
झुपकीने डोकं घातलं. मावेना. मध्ये होता लोखंडी दांडा.
आठळी आत. झुपकी बाहेर.

झाडावरून हाक आली,
"ताईऽऽ, आणलीस का गं?"
"थांब रे जराऽऽ!" झुपकी म्हणाली.

भोकात बसला होता पिस्टन. लोखंडाच्या डब्यासारखा, गोलमटोल. त्याच्या पोटात पडली होती आठळी.
झुपकी म्हणाली,

"पिस्टनदादा, पिस्टनदादा, बाहेर ये.
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

पिस्टन म्हणाला,
"नाही नाही. गंज चढला. घट्ट बसलो. हातोडा ठोकेल, तर हलेन."

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

झुपकी गेली हातोड्याकडे. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.
लाकडी हातोडा फळीवर आडवा पडला होता.

"हातोडेदादा, हातोडेदादा, पिस्टनला ठोक.
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

हातोडा म्हणाला,
"नाही नाही. कोरड्या पिस्टनला कसा ठोकू? तडकला म्हणजे? आधी तेल मुरेल, तर ठोकेन."

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

झुपकी गेली तेलाच्या बुधलीकडे. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.
बुधली होती गोल गोल. तिची चोच लांब लांब.

"बुधलीताई, बुधलीताई, तेल सोड.
हातोडा ठोकेना,
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

बुधली म्हणाली,
"नाही नाही. माझं पोट मला दाबता येतं का? विश्रामकाका दाबतील, तर तेल सोडेन."

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

"ताईऽऽ, आणलीस का गं?"
"थांब रे जराऽऽ!"

झुपकी गेली विश्रामकाकांकडे. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.
काका बसले होते पायरीवर. हात काळे. नाक काळं. कानसुद्धा काळे! गाल फुगलेले, हनुवटी हातावर.

"काका, काका, बुधली दाबा.
तेल मुरेना,
हातोडा ठोकेना,
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

काका म्हणाले,
"नाही नाही! सकाळपासून खटपट करतोय. एक निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघाला. हा चौथा काही निघत नाही! ओढला, ढकलला, हात जोडले. ढिम्म! मी नाही आता उठणार. मला चहा हवा. काकू चहा करेल, तर उठेन."

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

झुपकी गेली काकूंकडे. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.
वनिताकाकू स्वयंपाकघरात होत्या. कमरेवर हात. कपाळावर आठ्या.
झुपकी खिडकीत बसली.

"काकू, काकू, चहा करा.
काका उठेना,
तेल मुरेना,
हातोडा ठोकेना,
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

काकू म्हणाल्या,
"चहा? कशात करू चहा? मोठा टोप नेला, त्यात डिझेल ओतलं! परात नेली, तिच्यात नटबोल्ट ठेवले! माझी चाळण कुठे आहे ते मला विचारूच नकोस! उरलं एक पातेलं. ते घातलंय रुंजीने डोक्यावर. रुंजी पातेलं देईल, तर करेन."

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

झुपकी गेली रुंजीकडे. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.
रुंजी म्हणजे काकाकाकूंची लेक. छोटीशी. तुमच्याएवढी.
ती ओट्यावर बसली होती. डोक्यावर पातेलं. हातात चमचा. पातेल्यावर वाजवत होती.
ठण् ठण् ठण्! ठण् ठण् ठण्!

झुपकीने कानांवर हात ठेवले. आणि ओरडली,

"रुंजी, रुंजी, पातेलं दे.
चहा होईना,
काका उठेना,
तेल मुरेना,
हातोडा ठोकेना,
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

रुंजी म्हणाली,
"नाय नाय! नाय देनार! माजा चेंडू खंड्याने घेतला. खंड्या चेंडू देईल, तल देते."
आणि पुन्हा वाजवायला लागली.
ठण् ठण् ठण्!

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

"ताईऽऽ, आणलीस का गं?"
"थांब म्हटलं ना रेऽऽ!"

आता खंड्या कोण?
खंड्या म्हणजे कुत्रा. मोठा. तपकिरी. रोज झुपकीच्या मागे धावायचा. भॉ! भॉ! भॉ!
झुपकीला त्याची फार भीती वाटायची. पण करते काय?

झुपकी गेली खंड्याकडे. टुणुक... टुणुक... शेपटी... झुलूक...
फाटकाच्या खांबावर चढली. उंच. अगदी टोकाला.
खाली खंड्या पसरला होता. त्याच्या पोटाखाली लाल चेंडू.
झुपकीने डोळे घट्ट मिटले. आणि एका दमात म्हणाली,

"खंड्या, खंड्या, चेंडू दे.
रुंजी ऐकेना,
चहा होईना,
काका उठेना,
तेल मुरेना,
हातोडा ठोकेना,
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

खंड्या भुंकलाच नाही. उठलाही नाही. नुसता कण्हला. कुंऽऽई.
"नाही नाही. मी नाही उठणार. माझ्या कानात शिरलंय गोखरू. काटेरी काटेरी. मान हलवली की टोचतं. ते कोणी काढेल, तर उठेन."

झुपकीने शेपटी आपटली. फट्!
"काय बाई कटकट!"

कुंपणावर कावळा बसला होता. त्याची चोच कशी? लांब आणि मजबूत. गोखरू काढायला अगदी बरोबर!
झुपकी गेली कावळ्याकडे. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.

"कावळेबुवा, कावळेबुवा, गोखरू काढा.
खंड्या सरकेना,
रुंजी ऐकेना,
चहा होईना,
काका उठेना,
तेल मुरेना,
हातोडा ठोकेना,
पिस्टन हलेना,
आठळी मिळेना,
भाऊ माझा भुकेला!"

कावळ्याने मान इकडे केली. कावळ्याने मान तिकडे केली.
"मी? कुत्र्याच्या तोंडाजवळ? छे छे! उद्या बघू. नाहीतर परवा."
आणि उडून गेला. फडफड फडफड.

"ताईऽऽ! आणलीस का गंऽऽ!"

झुपकीला आला राग.
पिस्टनचा राग. हातोड्याचा राग. बुधलीचा राग. काकांचा, काकूंचा, रुंजीचा, खंड्याचा राग. कावळ्याचा तर सगळ्यात जास्त राग!
राग एवढा मोठा झाला, की पोटात भीतीला जागाच उरली नाही.

झुपकी कुंपणावरून उतरली. सरळ खंड्याच्या नाकासमोर उभी राहिली.
"हलायचं नाही!" झुपकी म्हणाली.
"बरं," खंड्या म्हणाला.
"भुंकायचं नाही!"
"बरं."
"चावायचं तर मुळीच नाही!"
"नाही गं बाई. काढ लवकर."

झुपकी खंड्याच्या डोक्यावर चढली. कानात वाकली. गोखरू दातांत धरलं.
ओढलं. नाही निघालं.
अजून ओढलं. नाही निघालं.
पाय रोवले, शेपटी ताणली, आणि ओढलं...
कट्!
निघालं!

"आऽऽहा!" खंड्या म्हणाला.
खंड्या उठला. अंग झाडलं. थडथडथडथड! झुपकी उडून पडली गवतात.
"आता पळवू का मी तुला?" खंड्याने विचारलं. शेपटी हलवत होता.
"आज नाही!" झुपकी ओरडली. "आज मला काम आहे!"

खंड्या सरकला. चेंडू सुटला.
चेंडू गेला रुंजीकडे. गडगड गडगड.
रुंजीने टाळ्या पिटल्या. "माजा चेंडू! माजा चेंडू!" डोक्यावरचं पातेलं काढलं.

पातेलं गेलं काकूंकडे. काकूंनी ते धुतलं. दोनदा धुतलं.
चहा उकळला. खदखद खदखद. आलं घातलं. साखर घातली.

चहा गेला काकांकडे. काकांनी बशीत ओतला. फुर्रर्र... फुर्रर्र...
"हं! आता बरं वाटलं."

काका उठले. बुधली उचलली. तिचं पोट दाबलं.
पुचुक पुचुक, पुचुक पुचुक.
तेल गेलं चौथ्या भोकात. पिस्टनच्या कडेकडेने, गोल गोल.

"झालं?" झुपकीने विचारलं.
"झालं कुठे?" तेल म्हणालं. "मी आत्ता आलं. अजून मुरायचंय."

झुपकी बसली.
रुंजी बसली. काकू बसल्या. खंड्या बसला. काका तर बसलेच.
सगळे बघत होते भोकात.

"मुरलं?"
"नाही."

ऊन पायरीवरून खाली आलं. रुंजीने चेंडू टाकला, खंड्याने आणला. टाकला, आणला. टाकला, आणला.

"मुरलं?"
"नाही."

काकूंनी परातीतले नटबोल्ट डब्यात ओतले. खळखळखळ. आपली परात घेतली. आत ठेवून आल्या.

"आता तरी मुरलं?"
"जरासं राहिलं."

"ताईऽऽ! आणलीस का गंऽऽ!"
"मुरत नाहीये रेऽऽ!" सगळेच ओरडले. काका, काकू, रुंजी आणि झुपकी. खंड्या म्हणाला, "भॉ!"
पिंटुकला एकदम गप्प झाला.

मग तेल हळूच म्हणालं,
"मुरलं."

काका उठले. इंजिनाखाली जुनी उशी ठेवली. दांड्यावर लाकडाचा ठोकळा धरला. हातोडा उचलला.
ठक्!
पिस्टन हलला? नाही.

ठक् ठक्!
हलला? नाही.

ठक् ठक् ठक्!
हलला? नाही!

काकांनी हातोडा खाली ठेवला. त्यांची हनुवटी पुन्हा हाताकडे निघाली.
"नाहीच निघत हा," काका म्हणाले. "राहू दे. भंगारात देऊन टाकू इंजिन."

"भंगारात?" झुपकी म्हणाली. "माझ्या आठळीसकट?"

झुपकी इंजिनावर चढली. भोकात तोंड घातलं. आणि मोठ्याने बोलली,
"पिस्टनदादा! तू म्हणालास, हातोडा ठोकेल तर हलेन. म्हणालास की नाही?"
"म्हणालो," पिस्टन आतून म्हणाला.
"मग?"
"मला भीती वाटते," पिस्टन म्हणाला. अगदी बारीक आवाजात. "खाली पडलो तर लागेल."



झुपकीने शेपटी नाही आपटली.
ती खाली वाकली. हळू आवाजात म्हणाली,
"खाली उशी आहे. मऊ आहे. तुझे तिघे भाऊ केव्हाचे बाहेर आलेत. ते बघ, फडक्यावर बसलेत, पुसूनबिसून. तुझी जागा ठेवलीय त्यांनी."

"खरंच?"
"खरंच."
"मग ठोका," पिस्टन म्हणाला. "पण हळू हं."

काकांनी हातोडा घेतला. हळू ठोकलं.
टक्.
"हलला!" रुंजी ओरडली.
केसभर हलला.

टक् टक्.
नखभर हलला.

टक् टक् टक्.
बोटभर हलला!

करर्र... करर्र... सुर्रर्र...
भप्!
पिस्टन पडला उशीवर!

"निघाला!" काका ओरडले. "निघाला गं, निघाला!" काकांनी काकूंचा हात धरला आणि गोल फिरवलं. काकूंच्या हाताला काळं लागलं, नाकाला काळं लागलं. काकू आधी ओरडल्या. मग हसायला लागल्या.

"लागलं का रे?" झुपकीने पिस्टनला विचारलं.
"नाही," पिस्टन म्हणाला. "उशी खरंच मऊ आहे."

काकांनी पिस्टन उचलला. उलटा केला. हलवला.
टुण्!
आठळी बाहेर!

पण आठळी कशी? काळी काळी. तेलकट तेलकट.
झुपकीचं तोंड एवढंसं झालं.
"अगं, थांब," काकू म्हणाल्या. पदराला हात पुसले. आठळीचं साल सोललं. वरचं काळं साल गेलं.
आत आठळी पांढरीशुभ्र!

झुपकीने आठळी तोंडात धरली. या वेळी तोंड उघडलं नाही. थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. नुसती शेपटी हलवली.
सगळ्यांना कळलं.

चढली झाडावर. टुणुक टुणुक, शेपटी झुलूक.
आठळी ठेवली पिंटुकल्यासमोर. आणि बसली धपकन.
"घे. आणली."

पिंटुकल्याने आठळी धरली. दोन्ही हातांत.
कुडुम कुडुम, कुडुम कुडुम.
संपली.

पिंटुकल्याने ओठ चाटले. मिशा पुसल्या. झुपकीकडे बघितलं.
"ताई," तो म्हणाला, "अजून एक आणतेस का गं?"


झुपकीने आपली मोठी शेपटी डोक्यावर ओढली. डोळे मिटले.
आणि झोपून गेली.

खाली चार पिस्टन फडक्यावर, एका ओळीत.
वर दोन खारी घरट्यात, एका शेपटीखाली.
सगळे निजले. आता आपणही निजू.